वीस लिटरची टाकी आणि तीस किलोमीटरचा फायदा: एका डीआर ६५० चं प्रकरण

पार्श्वभूमी

संजय (नाव बदललं आहे) मूळचा साताऱ्याचा, आता बरीच वर्षं अ‍ॅडलेडला. कॉलेजात असताना त्याच्याकडे आरएक्स १०० होती आणि तिचं कार्बोरेटर तो स्वतःच खोलायचा. माझं शिक्षण कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मामाच्या गॅरेजमध्ये झालं. इथे आल्यावर आमची ओळख झाली ती गाड्यांमुळेच.

दोन वर्षांपूर्वी त्याने सेकंडहँड सुझुकी डीआर ६५० मोटरसायकल घेतली. ६४४ सीसीचं एकच सिलिंडर, हवेवर आणि ऑइलवर थंड होणारं इंजिन, ४० मिलिमीटरचं मिकुनी कार्बोरेटर. १९९६ पासून ही गाडी फारशी न बदलता बनत आली. फ्युएल इंजेक्शन नाही, फ्युएल पंप नाही, कॉम्प्युटर नाही. पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने खाली येतं आणि बिघडली तर पान्यांच्या एका पिशवीत दुरुस्त होते. ऑस्ट्रेलियात आडरानात जाणारे लोक तिच्यावर जीव टाकतात ते याचसाठी.

तिची कमजोर बाजू एकच, टाकी. कंपनीची टाकी १३ लिटरची. सामान लादून, खडबडीत टायर लावून लिटरला २० चं अ‍ॅव्हरेज धरलं तरी २६० किलोमीटरला गाडी कोरडी.

संजयला जायचं होतं बर्ड्‌सव्हिल ट्रॅकवर. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मारीपासून क्वीन्सलँडमधल्या बर्ड्‌सव्हिलपर्यंत ५१७ किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे. मध्ये पेट्रोल मिळतं फक्त मंगेरानीला, मारीपासून २०४ किलोमीटरवर. तिथून पुढचे ३१३ किलोमीटर दगड, वाळू आणि आभाळ. १९६३ च्या डिसेंबरमध्ये याच भागात रस्ता चुकलेल्या एका कुटुंबाच्या मोटारीतलं पेट्रोल संपलं आणि पाचही जण तहानेने गेले. म्हणून या वाटेवर पेट्रोलचा हिशेब नुसत्या सोयीचा राहत नाही.

अडचण

संजयने २० लिटरची प्लास्टिकची टाकी घेतली आणि एका शनिवारी घरीच बसवली. त्याच दिवशी, हात घातलाच आहे तर म्हणून, एअर बॉक्सच्या, म्हणजे हवेच्या फिल्टरच्या डब्याच्या, तोंडावरची नळी काढून टाकली, म्हणजे इंजिनाला श्वास मोकळा मिळेल. पेट्रोलच्या पाइपमध्ये मोटारीचा एक कागदी फिल्टरही जोडला.

दुसऱ्या दिवसापासून गाडीचं वागणं बदललं. थंड इंजिन चोकशिवाय उभं राहीना. रेस सोडली की आयडलिंग वरच लटकायचं आणि सावकाश खाली यायचं. उतारावर सायलेन्सरमधून फट्‌फट्‌ आवाज. हलक्या रेसवर गाडी एका वेगात चालेना, सतत मागे-पुढे ओढायची. हायवेवर वेगळंच. ११० ने पंधरा-वीस मिनिटं गेल्यावर इंजिन दम सोडायचं, मिसिंग व्हायचं आणि बंद पडायचं. बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी चालू.

त्याने मला फोन केला. मी जेवत होतो. लक्षणं ऐकली आणि म्हणालो, "लीन चाललीय. एअर बॉक्स मोकळा केलास ना? मग मेन जेट वाढव आणि स्क्रू थोडा रिच कर." लीन म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी; रिच म्हणजे उलट. मेन जेट म्हणजे मोठ्या रेसला पेट्रोल मोजून देणारं कार्बमधलं भोक, आकडा मोठा तर पेट्रोल जास्त. टाकीबद्दल मी एक शब्द विचारला नाही. हा फोन या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू आहे आणि तिथे चूक माझी झाली.

त्याने मूळ १४० चा मेन जेट काढून १५५ चा टाकला. मिश्रणाच्या स्क्रूवर कंपनीने बसवलेली पितळी टोपी ड्रिलने काढली आणि स्क्रू आत फिरवला. आरएक्सवर तो तसंच करायचा. तिथला स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो, तो हवा मोजतो, आत घेतला की हवा कमी आणि मिश्रण घट्ट. डीआरवरचा स्क्रू इंजिनाच्या बाजूला आहे आणि तो पेट्रोल मोजतो. आत घेतला की पेट्रोल कमी. म्हणजे रिच करायला म्हणून त्याने गाडी आणखी लीन केली. "एअर स्क्रू" हा शब्द आपण गॅरेजमध्ये दोन्हींसाठी सरसकट वापरतो आणि माणूस असा फसतो. स्क्रू कार्बच्या कुठल्या बाजूला आहे ते आधी बघावं. फिल्टरकडे असेल तर तो हवेचा, इंजिनाकडे असेल तर पेट्रोलचा.

पुढच्या शनिवारी तो फ्लिंडर्सच्या डोंगरांकडे चाचणीला म्हणून निघाला आणि पोर्ट पिरीच्या अलीकडे गाडी चौथ्यांदा बंद पडली. हायवे होता, फोन लागत होता, ट्रक जात-येत होते. मी ट्रेलर घेऊन गेलो. परत येताना हिशेब केला तर अ‍ॅव्हरेज निघालं साडेचौदा. २० लिटर गुणिले साडेचौदा म्हणजे २९० किलोमीटर. जुनी १३ लिटरची टाकी आणि न छेडलेलं कार्बोरेटर २६० देत होतं. सात लिटर जास्तीची टाकी विकत घेऊन हातात पडले तीस किलोमीटर आणि मंगेरानी ते बर्ड्‌सव्हिल अजूनही आवाक्याबाहेर. गाडीत त्याने एवढंच विचारलं, "आपण टाकी वाढवली की खर्च?"

समोर असलेले पर्याय

त्या रात्री आम्ही माझ्या गॅरेजमध्ये बसून चार वाटा मांडल्या.

पहिली, जुनी टाकी परत लावायची आणि पाच-पाच लिटरचे दोन कॅन मागे बांधायचे. स्वस्त आणि खात्रीची. पण मागच्या चाकाच्या मागे, सायलेन्सरच्या शेजारी दहा लिटर पेट्रोल दगडांवर उडत जाणार ही कल्पना मला कधीच पटली नाही. वजनही गाडीच्या सगळ्यात वाईट जागी येतं.

दुसरी, याहून मोठी, ३० लिटरची टाकी. पेट्रोलचं वजन लिटरला पाऊण किलोच्या जवळपास. म्हणजे नुसतं पेट्रोलच २२ किलो, तेही उंचावर आणि हँडलच्या जवळ. मऊ वाळूत पुढचं चाक रुतायला तेवढं पुरतं. सिम्पसनचं वाळवंट पार करायचं असतं तर मी तिला हो म्हणालो असतो. ३१३ किलोमीटरसाठी नाही.

तिसरी, जेटिंग किट घ्यायचं. नवी सुई, नवे जेट, लांब दांड्याचा मिश्रणाचा स्क्रू. डीआरवर ते चांगलं चालतं, कारण प्रदूषणाच्या नियमांसाठी कंपनी ही गाडी मुळातच जरा लीन पाठवते. संजयचा कल इकडे होता. माझा नव्हता. आजारी गाडीवर नवे भाग चढवले की आजार झाकला जातो.

चौथी, सगळं मूळ जागी आणायचं, फक्त नवी टाकी ठेवायची आणि एकेक गोष्ट तपासत पुढे जायचं. वेळखाऊ. त्याची रजा पाच आठवड्यांवर आली होती. तरी तासभर वाद घालून आम्ही चौथी वाट धरली. त्याला पटलं ते एका प्रश्नाने. मी विचारलं, "बंद पडल्यावर पाच मिनिटांत तू करतोस काय?" तो म्हणाला, "काही नाही. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे का बघतो." टाकी त्याने काळ्या रंगाची घेतली होती, दिसायला छान म्हणून. पांढरट, आरपार दिसणारी घेतली असती तर झाकण उघडावं लागलं नसतं. मी पुढचा प्रश्न विचारला, "झाकण उघडताना आवाज येतो?" तो थांबला. मग म्हणाला, "येतो. सुस्कारा टाकल्यासारखा."

काय केलं

आधी पेट्रोलची धार मोजली. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि कार्बला हात लावण्यापूर्वी करण्याजोगं आहे. कार्बपाशी पाइप सोडवला, तो मापाच्या भांड्यात धरला, कॉक उघडला आणि घड्याळ लावलं. लिटरला १८ च्या हिशेबाने ११० च्या वेगाला तासाला सहा लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे मिनिटाला १०० मिलिलिटर. त्याच्या दुप्पट-तिप्पट धार हवी, तर चढावर आणि वाऱ्यात निभावतं.

झाकण लावून पहिल्या मिनिटाला धार चांगली आली. दुसऱ्या मिनिटाला ती बारीक झाली. तिसऱ्याला करंगळीएवढी धार सुतळीएवढी झाली आणि मग थेंब पडू लागले. संजयने टाकीवर हात ठेवला होता. "आत ओढली जातेय," तो म्हणाला. प्लास्टिकचा गाल खरंच आत गेला होता. मी झाकण सैल केलं, सुस्कारा आला, गाल बाहेर आला आणि भांड्यात भसकन धार लागली.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल गटगट करत अडतं, दुसरं पाडलं की सरळ वाहतं. टाकीचंही तसंच. जेवढं पेट्रोल बाहेर, तेवढी हवा आत यायला हवी. या टाकीच्या झाकणावर हवेची एक नळी असते आणि तिच्यात छोटी एकमार्गी व्हॉल्व्ह. हवा आत येऊ द्यायची, पण गाडी आडवी पडली तर पेट्रोल बाहेर जाऊ द्यायचं नाही एवढंच तिचं काम. संजयने ती उलटी बसवली होती. उलटी बसूनही ती किंचित गळत होती, म्हणून शहरात, कमी पेट्रोल लागताना, गाडी निभावून न्यायची. हायवेवर मागणी वाढली की फ्लोटचा कप, म्हणजे कार्बमधली पेट्रोलची छोटी वाटी, रिकामा. मग मेन जेट १४० चा असो की १५५ चा, कपात पेट्रोलच नाही तर जेट मोठा करून उपयोग काय?

व्हॉल्व्ह सरळ केली. कागदी फिल्टरवरून आमचं वाजलं. माझं म्हणणं काढून टाक. मोटारीचा फिल्टर पंपाच्या दाबासाठी असतो, उतरत्या पेट्रोलला तो अडवतो. त्याचं म्हणणं आडरानातलं पेट्रोल गाळल्याशिवाय घ्यायचं नाही. बरोबर तोही होता. शेवटी बारीक जाळीचा, विनापंप गाड्यांसाठीचा छोटा फिल्टर लावला आणि धार पुन्हा मोजली. तीन मिनिटं एकसारखी आली.

दुसऱ्या दिवशी तो पोर्ट वेकफील्डपर्यंत जाऊन आला, साधारण २०० किलोमीटर. एकदाही बंद पडली नाही. पण आयडलिंगचं लटकणं, फट्‌फट्‌, हलक्या रेसवरचं ओढणं जसंच्या तसं. इथे आम्हाला कळलं की आजार दोन आहेत. एक मोठ्या रेसवरचा, एक लहान रेसवरचा. दोन्ही "लीन" दिसतात, म्हणून मी फोनवर त्यांना एकच नाव देऊन मोकळा झालो होतो.

कार्बोरेटरमध्ये प्रत्येक रेसचा मालक वेगळा असतो. जेमतेम पाव रेसपर्यंत स्लो जेट आणि मिश्रणाचा स्क्रू, मधल्या पट्ट्यात सुई, शेवटच्या पाव भागात मेन जेट. लक्षणं आयडलिंगपासून हलक्या रेसपर्यंत असतील तर मेन जेटकडे बघायचं कारणच नाही. आणि इंजिन कुठून तरी चोरून हवा घेत असेल तर तेही लहान रेसवरच जाणवतं, कारण तिथे एकूण हवाच थोडी असते. पूर्ण रेसवर तेवढी चोरटी हवा समुद्रात थेंब.

मी पाण्याची फवाऱ्याची बाटली घेतली. काही जण यासाठी कार्ब क्लीनर मारतात, पण तापलेल्या इंजिनावर ते पेट घेऊ शकतं, मी पाणीच वापरतो. इंजिन चालू ठेवून इनटेकच्या रबरावर फवारलं, काही फरक नाही. क्लॅम्पवर फवारलं, नाही. मग डाव्या बाजूला, जिथे जुन्या टाकीच्या कॉकची व्हॅक्यूमची नळी यायची, तिथे फवारलं आणि इंजिन अडखळलं.

डीआरच्या मूळ टाकीचा कॉक व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन ओढतं तेव्हाच तो पेट्रोल सोडतो. नव्या टाकीचा कॉक साधा, हाताने उघडायचा. म्हणजे व्हॅक्यूमचं ते निपल आता रिकामं राहतं आणि ते बंद करावं लागतं. संजयने पाइपचा इंचभर तुकडा घातला होता आणि त्याच्या तोंडात एक बोल्ट घट्ट बसवला होता. उद्यमनगरात आम्हीही तेच केलं असतं. पण उष्णतेने तो तुकडा बोल्टच्या कडेला उभा चिरला होता, नखाएवढी चीर. मी तिच्यावर बोट दाबलं आणि लटकलेलं आयडलिंग सरळ खाली उतरून इंजिन बंद झालं. संजयने हे लटकणं झाकण्यासाठी आयडलचा नॉब आधीच पार खाली आणला होता, म्हणून चोरटी हवा थांबताच त्याला तग धरता आला नाही.

रबरी टोपी घालून तिच्यावर टाय आवळला. मग मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकेपर्यंत मोजला, तर तो फक्त पाऊण फेरा बाहेर होता. दोन फेऱ्यांवर आणला, इंजिन नीट तापू दिलं आणि तिथून पुढे कानाने. बाहेर काढत गेलं की आयडलिंग चढत जातं, एका जागी चढायचं थांबतं, त्या जागेच्या किंचित अलीकडे. तो स्क्रू तापलेल्या कार्बच्या पोटाखाली आहे, लांब स्क्रूड्रायव्हर तिथे मावत नाही, बोटं भाजतात. फट्‌फट्‌ थांबली. हलक्या रेसवर गाडी लोण्यासारखी चालू लागली.

राहिला मेन जेट. संजय म्हणाला, "आता छान चालतेय, १५५ राहू दे." हा शेवटचा निर्णयबिंदू आणि मोहाचा. मी प्लग काढून दाखवला, काजळीने काळा, म्हणजे मिश्रण फार रिच. एअर बॉक्सची नळी परत लावली, १४० चा जेट परत टाकला. नळी काढल्याने इंजिनाला जरा जोर आला असेलही, पण त्याला बर्ड्‌सव्हिलला जोर नको होता, पल्ला हवा होता. पोर्ट वेकफील्डची तीच फेरी, तेवढ्याच सामानासह, तीच हवा. अ‍ॅव्हरेज साडेअठरा.

निष्पत्ती

साडेअठराने २० लिटरमध्ये ३७० किलोमीटर होतात. कागदावर पुरेसे. पण या टाकीचे दोन्ही गाल खाली उतरतात आणि कॉक डाव्या बाजूला एकच. उजव्या गालातलं शेवटचं लिटरभर पेट्रोल गाडी डावीकडे आडवी केल्याशिवाय पलीकडे येत नाही. म्हणून १९ लिटरच धरले. मऊ वाळू आणि समोरचा वारा धरून लिटरला १६ मोजले, तर ३०४. नऊ किलोमीटर कमी. शेवटच्या आठवड्यात त्याने पाच लिटरची पेट्रोलची जाड पिशवी घेतली, रिकामी झाली की गुंडाळून ठेवता येणारी. ती सामानाच्या पिशवीत पुढच्या बाजूला, सीटला टेकून बांधली.

जुलैत तो निघाला. मारीला टाकी फुल, मंगेरानीला पुन्हा फुल. मंगेरानीच्या पुढे दिवसभर समोरून वारा. २२० किलोमीटरवर त्याने थांबून पिशवी टाकीत ओतली, ठरल्याप्रमाणे, गाडी व्यवस्थित चालत असताना. बर्ड्‌सव्हिलला पंपावर टाकीत १३.२ लिटर मावले. म्हणजे ३१३ किलोमीटरला १८.२ लिटर, लिटरला सतराच्या थोडं वर. पिशवी नसती तर टाकीत १.८ लिटर उरले असते आणि त्यातलं एक लिटर उजव्या गालात.

आज पुन्हा करायचं तर

एका शनिवारी तीन बदल करू देणार नाही. आधी टाकी, मग ३०० किलोमीटर चालवणं, मग एअर बॉक्सचा विचार. संजयने बदल लिहूनही ठेवले नव्हते. काय कधी घातलं ते आम्हाला पावत्यांवरून जुळवावं लागलं.

मूळ अ‍ॅव्हरेज आम्ही २० धरलं ते त्याच्या आठवणीवरून. टाकी बदलण्याआधी दोन-तीनदा टाकी फुल करून मोजायला हवं होतं. साडेचौदा आणि साडेअठरा हे आकडे मोजलेले आहेत, २० चा नाही. त्यामुळे तीस किलोमीटरचा तो हिशेब थोडा इकडेतिकडे असू शकतो.

काळी टाकी मी घेऊ दिली नसती. आणि फोनवर मी आता आधी विचारतो, "मागच्या वेळी नीट चालली त्यानंतर गाडीला काय काय हात लागलाय?" परवाच एकाने कावासाकी केएलआरचं आयडलिंग लटकतंय म्हणून फोन केला. त्याने आठवड्यापूर्वी कॉक बदलला होता. मी त्याला व्हॅक्यूमच्या निपलचा फोटो पाठवायला सांगितला. त्यात पाइपचा तुकडा होता आणि तोंडात एक बोल्ट.